मेंडोसिनो वुडलँड्सला साठ जणांचा गट नेताना: आरक्षणापासून किल्ल्या परत देईपर्यंत

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून मोठा गट घेऊन मेंडोसिनो वुडलँड्सला जाणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. आरक्षण वेळेत होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्साह ओसंडून वाहतो आणि शुक्रवारी रात्री दहा वाजता निम्म्या गाड्या काळोखात कच्च्या रस्त्यावर असतात. भांडी एका गाडीत, तेल-मसाला दुसरीत आणि ती दुसरी गाडी अजून निम्म्या वाटेवरच्या क्लोव्हरडेल गावात.

हा कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कमधला, रेडवूडच्या जंगलातला गटासाठीचा कॅम्प आहे. इथे स्वयंपाकी नाही, केबिन झाडून देणारं कोणी नाही, केबिनमध्ये वीज नाही आणि मोबाइलला सिग्नल नाही. घरी जे ठरलं आणि गाडीत जे चढलं, तेवढंच तिथे हाताशी असतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग निघण्यापूर्वीच्या तयारीवर आहे. हिशोब ६० माणसांचा, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असा धरला आहे.

टप्पा १. पैसे भरण्यापूर्वी

वुडलँड्समध्ये तीन वेगवेगळे कॅम्प आहेत. कॅम्प एक सर्वांत मोठा. दोन आणि तीन त्याहून लहान. प्रत्येकाला स्वतःचा डायनिंग हॉल, मोठं स्वयंपाकघर आणि केबिनचे पुंजके आहेत. साठ जणांसाठी मोठा कॅम्प घेतला तर माणसं विखुरतात, चालणं वाढतं आणि रविवारी साफ करायची जागाही वाढते. लहान कॅम्प मिळत असेल तर तोच घ्या.

महिन्याची निवड नीट करा. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सोयीचे. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे: केबिन ओलसर, कपडे वाळत नाहीत आणि नवारो नदीला पूर आला की १२८ नंबरचा हायवे बंद होतो. उन्हाळ्याच्या शेवटी वणव्याच्या भीतीने शेकोटीवर बंदी येऊ शकते. तेव्हा संध्याकाळचा सगळा कार्यक्रम शेकोटीवर बेतू नका.

करारावर सही करण्याआधी व्यवस्थापनाला हे लेखी विचारा:

- कमीत कमी किती माणसांचं भाडं भरावं लागेल? गट ६० वरून ४५ वर आला तर काय?
- आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची नेमकी वेळ कोणती?
- स्वयंपाकघरात कोणती भांडी आहेत? सर्वांत मोठं पातेलं किती लिटरचं? ओव्हन किती? फ्रिजची जागा किती?
- जळाऊ लाकूड मिळतं का, की आणायचं? कचरा तिथेच टाकायचा की परत न्यायचा?
- गटाच्या विम्याचं प्रमाणपत्र लागतं का? कोणाच्या नावाने?
- आणीबाणीत बाहेरून फोन करण्यासाठी कोणता नंबर?
- केबिन आणि स्वच्छतागृहांचा नकाशा मिळेल का?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. नकाशाशिवाय केबिनवाटप होत नाही आणि केबिनवाटप आधी झालं नाही की पोहोचल्यावर तासभर गोंधळ उडतो.

तपासा: विम्याचं प्रमाणपत्र लागत असेल तर तुमच्या मंडळाच्या किंवा संस्थेच्या पॉलिसीत या जागेचा समावेश करून घ्यायला वेळ जातो. महिनाभर आधी सुरुवात करा.

टप्पा २. सहा आठवडे आधी: माणसं आणि जबाबदाऱ्या

"सगळे मिळून करू" असं म्हटलेलं काम तिघंचौघंच करतात आणि शनिवारी रात्री त्यांचे चेहरे उतरलेले असतात. सहा कामांना सहा नावं लावा: मुख्य समन्वय, स्वयंपाक, केबिनवाटप, गाड्या, औषधोपचार, साफसफाई. साफसफाईचं नाव पहिल्याच दिवशी ठरवा. शेवटी ठेवलं तर ते काम कोणीच घेत नाही.

नोंदणीच्या फॉर्मवर नाव आणि वय एवढ्यावर भागत नाही. प्रत्येकाकडून ॲलर्जी, रोजची औषधं, जिन्याची किंवा चालण्याची अडचण, रात्री मशिन लावून झोपणं आणि घरच्या संपर्काचा नंबर घ्या.

केबिनवाटप या क्रमाने करा. आधी आजी-आजोबा आणि गुडघेदुखीवाले, स्वच्छतागृहाला सर्वांत जवळ. मग तान्ही बाळं. मग शाळकरी मुलांची कुटुंबं. तरुण मंडळी सर्वांत लांब आणि चढावर. स्वच्छतागृहं सामाईक आहेत, पायवाटा मुळांच्या आणि उंचसखल. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन ती वाट कोणाला चालावी लागणार आहे, हे डोळ्यांसमोर ठेवून वाटप करा.

झोपताना सीपॅप (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं) मशिन लावणाऱ्यांशी स्वतः फोनवर बोला. केबिनमध्ये प्लग नाही, त्यामुळे दोन रात्री पुरेल अशी बॅटरी त्यांनी आणायला हवी आणि ती घरी एक अख्खी रात्र चालवून पाहायला हवी.

भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत नेणार असाल तर त्यांच्या व्हिजिटर विम्याचं कार्ड आणि औषधांची यादी छापून जवळ ठेवा. फोनमधला फोटो चालणार नाही असं नव्हे, पण बॅटरी संपली की तोही गेला.

टप्पा ३. प्रत्येकाचं सामान

गटाला लांबलचक यादी पाठवली की कोणी वाचत नाही. या सात गोष्टी पाठवा, बाकी ज्याचं त्याच्यावर सोडा:

१. स्लीपिंग बॅग किंवा जाड पांघरूण, उशी आणि गादीवर घालायची चादर. जूनमध्येही रात्री गारठा असतो. ५ अंश सेल्सियसपर्यंत चालणारी बॅग घ्या.
२. डोक्याला लावायचा टॉर्च, माणशी एक, लहान मुलांनाही. फोनचा टॉर्च धरून हातात बादली किंवा मूल घेता येत नाही.
३. जाडजूड तळव्याचे बूट, शिवाय आंघोळीसाठी रबरी चपला.
४. कपड्यांचे थर: सुती, लोकरी आणि वर पाऊस-वारा अडवणारं जाकीट.
५. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट. कारण टप्पा ७ मध्ये.
६. स्वतःचं ताट, वाटी, पेला, चमचा. साठ जणांचे कागदी ताट-पेले म्हणजे पाच जेवणांत पोत्यांनी कचरा.
७. चार दिवसांची औषधं, दोन दिवसांची नव्हे. रस्ता बंद पडू शकतो.

इमारती १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या लाकडी वास्तू आहेत आणि त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा आहे. भिंतीला खिळा, स्टेपल किंवा चिकटपट्टी लावून तोरण, पताका बांधू नका. दोरीने खांबाला बांधा. समई, निरांजन, उदबत्ती, मच्छर कॉइल केबिनमध्ये लावायची नाही. आरती करायची असेल तर बॅटरीचे दिवे आणा. वाळलेल्या जुन्या लाकडाला ठिणगी पुरते.

टप्पा ४. स्वयंपाकाचं नियोजन

इथे सगळ्यांत जास्त गट घसरतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

पहिला नियम: शुक्रवारी रात्री तिथे काही शिजवायचं नाही. माणसं पाच तास गाडीत बसून आलेली असतात, स्वयंपाकघर ओळखीचं नसतं, बरण्या सापडत नाहीत. घरून ठेपले, बटाट्याची कोरडी भाजी, दही आणि चटणी आणा. गरम काही हवंच, तर टोमॅटोचं सार घरी करून, डब्यात गोठवून आणा आणि तिथे खळखळ उकळी आणा.

पुढची जेवणं: शनिवारी सकाळी पोहे, दुपारी मिसळ, रात्री वरण-भात-पोळी-भाजी आणि शिरा, रविवारी सकाळी ब्रेड, अंडी, फळं. रविवारचा नाश्ता मुद्दाम साधा ठेवला आहे, कारण त्यानंतर लगेच भांडी घासून स्वयंपाकघर लख्ख करून द्यायचं असतं.

*प्रमाणं, ६० जणांसाठी*

पोहे: जाडे पोहे ४ किलो, कांदे दीड किलो, बटाटे दीड किलो, शेंगदाणे ४०० ग्रॅम, तेल अर्धा लिटर, हिरव्या मिरच्या १५० ग्रॅम, लिंबं १५ ते २०. चारही किलो एकदम भिजवले की खालचे पोहे दबून गोळा होतो. मोठ्या चाळणीत एका वेळी दीड किलो घ्या, पाणी घालून लगेच निथळा, दहा मिनिटं मोकळे पसरा. फोडणीही दोन-तीन वेळा करून पोहे वेगवेगळ्या भांड्यांत परता.

मिसळ: कोरडी मटकी ३ किलो. बुधवारी रात्री भिजवा, गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, शुक्रवारी सकाळी बारीक मोड दिसले की झिपच्या पिशव्यांत भरून थेट कूलरमध्ये. मोड लांब होऊ दिले आणि पिशव्या उन्हात गाडीत राहिल्या तर मटकीला वास येतो आणि ती चिकट होते. वाटण घरी करून पिशवीत सपाट पसरून गोठवा; ते बर्फाचंही काम करतं. फरसाण ३ किलो, पाव १५०.

वरण: तूरडाळ सव्वादोन किलो. घरचा कुकर साठ जणांना पुरत नाही. डाळ दोन तास गरम पाण्यात भिजवा, मोठ्या पातेल्यात हळद आणि चमचाभर तेल घालून मंद आचेवर तासभर शिजवा. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की डाळ कितीही उकळा, टचटचीतच राहते.

भात: तांदूळ ५ किलो, पण गॅसवर नको. अमेरिकी स्वयंपाकघरातल्या मोठ्या बर्नरवर उंच पातेल्यात भात तळाला करपतो, मध्ये शिजतो आणि वर कच्चा राहतो. ओव्हनमध्ये करा. चार इंच खोल पूर्ण आकाराच्या ट्रेमध्ये २ किलो धुतलेला बासमती, साडेतीन लिटर उकळतं पाणी, मीठ, दोन चमचे तेल. वर फॉईल घट्ट दाबून १९० अंश सेल्सियसला (अमेरिकी ओव्हनवर ३७५) ३५ ते ४० मिनिटं. बाहेर काढून दहा मिनिटं तसाच झाकून ठेवा. पाणी उकळतं हवं. गार पाणी घातलं तर वेळ वीस मिनिटांनी वाढतो आणि भात चिकट होतो.

पोळ्या: तिथे लाटायच्या नाहीत. साठ जणांना १८० पोळ्या म्हणजे चार माणसांची अख्खी संध्याकाळ. घरून करून दहा-दहाच्या चळती फॉईलमध्ये गुंडाळून आणा आणि १५० अंश सेल्सियसच्या (अमेरिकी ओव्हनवर ३००) ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटं ठेवा.

चहा: एका वेळेला पाणी साडेपाच लिटर, दूध चार लिटर, चहा पावडर १८० ग्रॅम, साखर ६५० ग्रॅम, आलं १५० ग्रॅम. दोन वेळचा चहा आणि मुलांचं दूध मिळून दिवसाला तीन गॅलन दूध धरा.

मीठ आणि तिखट सरळ गुणाकाराने घालू नका. हिशोबाच्या पाऊण घाला, दहा मिनिटांनी चव घ्या आणि एकाच माणसाला चव घेऊ द्या. तिघांनी येऊन मीठ घातलेलं वरण वाचवता येत नाही.

*बरोबर न्यायचंच असं*

पळी, झारे, मोठी कढई, फोडणीची कढई, किसणी, स्वतःच्या धारदार सुऱ्या, चाळणी, गाळणी, लांब दांड्याचा लायटर, स्वयंपाकाचा थर्मामीटर, फॉईलचा मोठा रोल, पुसायची फडकी वीस. मसाल्यांचा एकच डबा, वर मोठ्या अक्षरांत नाव. हा डबा पहिल्या गाडीत.

*थंड आणि गरम*

दोन प्रकारचे कूलर भरा. एकात दूध, दही, लोणी: सतत उघडला जाणारा. दुसऱ्यात शनिवार रात्रीचं आणि रविवारचं सामान: चिकटपट्टीने बंद, वर उघडायचा वार लिहिलेला. सामानाच्या दुप्पट बर्फ ठेवा. आतलं तापमान ५ अंश सेल्सियसच्या खाली आहे ना हे थर्मामीटरने पाहा. हाताला गार लागणं पुरेसं नाही. कॅम्पवरच्या फ्रिजची जागा पुरेशी आहे हे करारात पक्कं झालं तरच कूलर कमी करा.

सावधान: उरलेला भात झाकून ओट्यावर ठेवणं आणि सकाळी फोडणीचा भात करणं घरी चालून जातं, साठ जणांत ते करू नका. भातातल्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ठेवायचाच असेल तर उथळ ट्रेमध्ये पसरून दोन तासांत २१ अंश सेल्सियसपर्यंत आणि त्यानंतर चार तासांत फ्रिजइतका गार झाला पाहिजे. जमत नसेल तर टाकून द्या.

टप्पा ५. रस्ता

फ्रिमाँट-सनीवेलकडून अंतर दोनशे मैलांच्या आसपास, मोकळ्या रस्त्याने साडेचार तास, शुक्रवारी दुपारी त्याहून बरंच जास्त. मुद्दा अंतराचा नाही, उजेडाचा आहे. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उंच रेडवूडखाली त्याआधीच काळोख होतो. शेवटची गाडीसुद्धा उजेडात पोहोचेल असं गणित मांडा. अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला सांगा. ज्यांना जमत नाही त्यांनी शनिवारी सकाळी यावं.

१. हायवे १०१ ने उत्तरेला क्लोव्हरडेल. इथे पेट्रोल पूर्ण भरा, सगळ्यांना स्वच्छतागृहाला पाठवा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी वळणं सुरू होण्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे क्लोव्हरडेलच्याही आधी घ्यायची.

२. क्लोव्हरडेलहून १२८ ने पश्चिमेला. बूनव्हिलपर्यंत वळणावळणांचा रस्ता. मुलांच्या हातातले टॅब्लेट काढून घ्या, काच थोडी खाली करा. बूनव्हिलला दहा मिनिटं थांबा. पुढे फायलो, मग नवारो नदीकाठचं रेडवूडचं दाट जंगल. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूच्या मोकळ्या जागेत थांबून त्यांना जाऊ द्या. स्थानिक लोकांचा हा रोजचा रस्ता आहे.

३. १२८ संपला की हायवे १ वर उत्तरेला वळा. आल्बियन, लिटल रिव्हर आणि मग मेंडोसिनो गाव. गावात किराणा मिळतो. मोठी खरेदी राहिली असेल तर फोर्ट ब्रॅगला, आणखी दहा मैल उत्तरेला.

४. मेंडोसिनोहून लिटल लेक रोडने पूर्वेला, समुद्राकडे पाठ करून. इथून कॅम्प सुमारे नऊ मैल. आधी डांबरी, मग उजवीकडे जंगलात उतरणारा कच्चा, अरुंद रस्ता.

गावातच थांबून शेवटचे फोन आणि मेसेज करून घ्या. नकाशा आधी डाउनलोड केलेला असो, कॅम्पने पाठवलेल्या लेखी सूचना प्रत्येक गाडीत छापून असोत. शेजारीच जॅक्सन डेमॉन्स्ट्रेशन स्टेट फॉरेस्ट आहे. तिथे लाकूडतोडीच्या रस्त्यांचं जाळं आहे आणि फाटकं कुलूपबंद असतात. फोनने जवळचा म्हणून तसला रस्ता दाखवला आणि लेखी सूचना वेगळं सांगत असतील, तर लेखी सूचना माना.

कच्च्या रस्त्यावर ताशी १० ते १५ मैल, दिवे चालू, उतारावर खालचा गिअर. वळणावर समोरून गाडी येते असं धरूनच चालवा. दोन गाड्यांत धूळ खाली बसेल इतकं अंतर ठेवा. मोठी बस किंवा ट्रेलर आणायचा असेल तर कॅम्पला आधी विचारल्याशिवाय आणू नका.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी कॅम्पवर चार्जिंग धरू नये. शेवटच्या चार्जिंगनंतर कॅम्पला पोहोचून पुन्हा फोर्ट ब्रॅगपर्यंत जाता येईल इतकी बॅटरी उरली पाहिजे; रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तीच गाडी लागेल.

पावसाळ्यात निघण्याच्या दिवशी सकाळी १२८ सुरू आहे ना हे पाहा. बंद असेल तर १०१ ने विलिट्सपर्यंत जाऊन हायवे २० ने फोर्ट ब्रॅगला उतरा आणि तिथून दक्षिणेला या.

तपासा: पहिली गाडी स्वयंपाकाची आणि किल्ल्यांची. ती बाकीच्यांच्या दोन तास आधी पोहोचली पाहिजे.

टप्पा ६. पोहोचल्यावर पहिला तास

समन्वयकाने कॅम्पच्या माणसाबरोबर सगळ्या जागा फिरून पाहाव्यात. आधीच तुटलेलं, डागाळलेलं जे दिसेल त्याचे फोटो लगेच काढावेत. डिपॉझिटवरून वाद झाला तर हेच फोटो उपयोगी पडतात.

स्वयंपाकघरात आधी धूर खेचणारा पंखा कसा चालू होतो ते शिका, गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे ते पाहा, अग्निशामक नळकांडं डोळ्यांनी पाहून ठेवा. मिरचीची फोडणी पंख्याशिवाय केली तर अख्खा हॉल खोकतो.

मग डायनिंग हॉलच्या दाराशी तीन कागद लावा, चिकटपट्टीऐवजी फळ्यावर किंवा टेबलावर: केबिनवाटप, कामांच्या पाळ्या, आणीबाणीची माहिती. आणीबाणीच्या कागदावर कॅम्पचा पूर्ण पत्ता, फोन कुठे आहे ते, ९११, आणि फोर्ट ब्रॅगच्या रुग्णालयाचा रस्ता. रुग्णालय गाठायला पाऊण तास धरा.

साठ माणसं जमली की दहा मिनिटांत चार गोष्टी सांगा: टॉर्च कायम खिशात, केबिनमध्ये खाणं नाही, मुलांनी एकट्याने ओढ्याकडे जायचं नाही, रात्री शांततेची वेळ कोणती. दुसऱ्या कॅम्पवर वेगळा गट असू शकतो आणि दरीत आवाज लांब जातो. ढोल-ताशे घरीच ठेवा.

टप्पा ७. मुक्कामात

*पॉयझन ओक.* अंगाला लागली की खाज आणि पुरळ आणणारी वनस्पती. तीन पानांचा झुबका, वसंतात चकचकीत हिरवी, शरदात लालसर. कधी झुडूप, कधी झाडावर चढलेली वेल. हिवाळ्यात पानं झडली तरी काडीला खाज आणणारं तेल असतंच. बिब्बा, काजू आणि आंबा हे याच कुळातले. ज्यांना बिब्बा उततो किंवा कैरीच्या चिकाने ओठ सोलतात, त्यांनी इथे फार जपावं. तेल लागल्याची शंका येताच गार पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, जितकं लवकर तितकं चांगलं. अंगावरचे कपडे वेगळ्या पिशवीत. ही काटकी शेकोटीत कधीच टाकू नका. धूर छातीत गेला तर गंभीर होतं.

*गोचीड.* वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला खसखशीएवढी पिल्लं पालापाचोळ्यात आणि पडलेल्या ओंडक्यांवर असतात. ओंडक्यावर बसू नका. रोज संध्याकाळी काखा, गुडघ्यामागे, कमरेभोवती, केसांत पाहा. मुलांचं आईबाबांनी पाहावं. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. तेल, काडीपेटी, नेलपॉलिश असले उपाय करू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा वाढत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

*फायरप्लेस.* बंदी नाही याची त्या दिवशीची खात्री करून मगच पेटवा. आधी धुराड्याची झडप उघडी आहे ना ते पाहा. धूर आत आला तर दारं उघडा आणि विझवा. जाळी लावल्याशिवाय झोपू नका, निखारे असताना झडप बंद करू नका. कोळशाची शेगडी किंवा कॅम्पिंगचा स्टोव्ह ऊब मिळावी म्हणून केबिनमध्ये नेला तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जाऊ शकतो. त्याला वास नसतो.

*खाणं आणि प्राणी.* उंदीर आणि रॅकून रोजचे, अस्वलंही या भागात आहेत. चिवडा, लाडू, टूथपेस्टसुद्धा केबिनमध्ये उघडी ठेवू नका. रात्री हॉलची दारं लावून घ्या.

*ओढा.* कॅम्पजवळून वाहणारं पाणी बिग रिव्हरला मिळतं आणि त्यात कोहो सामन मासे अंडी घालतात. साबण, तेल, उरलेलं अन्न, निर्माल्य त्यात टाकायचं नाही. सप्टेंबरच्या मुक्कामात गणपती बसवणार असाल तर विसर्जन घरी बादलीत करा. दगड रचून बांध घालणं हा मुलांचा आवडता खेळ, पण त्याने माशांची वाट अडते.

*भांडी.* तीन टप्पे: साबणाचं गरम पाणी, स्वच्छ पाणी, मग ब्लीचचं पाणी. साडेसात टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच ४ लिटरला एक लहान चमचा, भांडं अर्धा मिनिट बुडवून हवेवर वाळू द्या. फडक्याने पुसलं की ब्लीच लावल्याचा उपयोग जातो. साठ ताटांतलं खरकटं आधी कचऱ्यात खरवडा. सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं. भात, चहाचा चोथा आणि तेलाने ती तुंबते. वापरलेलं तेल डब्यात भरून परत न्या. ओले वाइप्स शौचालयात टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी.

टप्पा ८. रविवार

बाहेर पडायची वेळ बारा असेल तर साफसफाई साडेनऊला सुरू झाली पाहिजे. गाडी भरून मग झाडू मारू असं ठरवलं तर माणसं गाडी भरून निघून जातात. आधी सार्वजनिक जागा, मग स्वतःची केबिन, मग सामान.

१. स्वयंपाकघर, सहा माणसं: शेगडी, ओव्हनची दारं, ओट्यांमागची भिंत, फ्रिज आतून. कॅम्पची भांडी यादीप्रमाणे मोजून जागेवर. सगळ्यात शेवटी फरशी.
२. हॉल, चार माणसं: टेबलं पुसणं, खुर्च्या जागेवर, झाडू, पोछा.
३. स्वच्छतागृहं, चार माणसं, हातमोजे घालून.
४. केबिन, ज्याने त्याने: गादी झटकणं, पलंगाखाली पाहणं, झाडणं, खिडक्या लावणं. राख पूर्ण थंड झाली असेल तरच पत्र्याच्या बादलीत काढा. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसभर राहतो. कागदी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ती भरू नका.
५. आवार, मुलं आणि एक मोठा माणूस: रिकाम्या हाताने ओळीत चालत, बाटल्यांची झाकणं आणि चॉकलेटचे कागद वेचत.

केबिनवाटप करणाऱ्याने प्रत्येक केबिन उघडून पाहावी आणि यादीवर खूण करावी. चार्जर, चष्मे आणि आजोबांच्या कवळ्या इथेच राहतात.

समन्वयकाने कॅम्पच्या माणसाबरोबर पुन्हा एकदा सगळं फिरून पाहावं, तक्रार असेल तर त्याच वेळी लेखी घ्यावी आणि किल्ल्या हातात द्याव्यात. टेबलावर ठेवून निघू नये. सर्वांत शेवटच्या गाडीत तो स्वतः बसतो. मेंडोसिनो गावात सिग्नल आला की सगळ्या गाड्यांची हजेरी घ्यावी, मगच पुढे निघावं. घरी पोहोचल्यावर त्या रात्री कपडे गरम पाण्यात धुवा, मुलांच्या केसांत पुन्हा एकदा गोचीड पाहा आणि उरलेल्या सामानाची वजनं पुढच्या वेळेसाठी हिशोबाच्या शीटवर लिहा: किती तांदूळ परत आला, किती दूध कमी पडलं.